शेवंतीची भावकी

माझ्या धाकट्या बहिणीचा डावा डोळा पूर्ण मिटलेला होता. उजव्या डोळ्याची जेवढी फट उरली होती तेवढ्यातून माझ्याकडे बघत ती म्हणाली, "तसं काय न्हाय अक्का. जरा सुजलंय."

आमच्या माहेरी 'जरा' हा शब्द फार लवचीक आहे. वडिलांचा पाय मोडला तेव्हाही ते जराच घसरले होते.

तिला शेळगावात दिलेली. मी बारामतीत एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे मनात आलं की सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत येता येतं. त्या रविवारी मी सहज गेले होते आणि ओट्यावर तिला पाहून चपला काढायची विसरले. पापण्या, मान, कोपरांच्या आतल्या घड्या, जिथं जिथं वारा लागतो तिथली कातडी जाड, काळपट लाल आणि खाजवून सोललेली. ब्लाउजच्या आतला खांदा मात्र स्वच्छ. हातावर जणू कुणी रेघ मारून ठेवली होती : एवढं तुझं, एवढं त्याचं.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापास्नं. येतंय, जातंय."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"इंदापूरला दावलं की. ते म्हणलं, गाजरगवताची ॲलर्जी. मलमानं बसतंय, पुन्हा उठतंय."

डॉक्टर आणखीही एक वाक्य बोलले होते, ते तिनं सांगितलं नाही. ते मला तिच्या नवऱ्यानं, दाजींनी, गोठ्याकडं नेऊन हळू आवाजात सांगितलं. असंच चालू राहिलं तर हिला शेतापासून लांब ठेवावं लागेल. डॉक्टरांच्या दृष्टीनं हा एक साधा सल्ला होता. पण ह्यांचं घर गावात नाही, वस्तीवर आहे. चारी बाजूंनी शेत आणि मध्ये घर. शेतापासून लांब म्हणजे घरापासून लांब, नवऱ्यापासून लांब. ते वाक्य घरात सगळ्यांनी ऐकलं होतं आणि कुणीही दुसऱ्यांदा उच्चारलं नव्हतं.

दाजींनी आपल्या परीनं युद्ध पुकारलं होतं. बांधावरचं, विहिरीभोवतीचं, रस्त्याकडेचं सगळं गाजरगवत त्यांनी उपटून काढलं होतं. शेजाऱ्याच्या पडीक पट्टीतलंही, त्याला न विचारता. त्यावरून थोडी बोलाचालीही झाली होती.

"हुडका अक्का. तुमी तर शिकवता. एक रोप जरी घावलं तर मिशा काढतो," ते म्हणाले.

मी हुडकलं. गाजरासारखा कातरलेला पाला आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी फुलं, लांबूनही ओळखू येतं ते. चटकचांदणी हे त्याचं दुसरं नाव एखाद्या हौशी माणसानंच ठेवलेलं असणार. सगळी वस्ती फिरले. एक रोप सापडलं नाही. मिशा वाचल्या. औषध चालू आहे, शत्रू संपला आहे आणि डोळा मात्र मिटत चालला आहे, याचा अर्थ आपण ज्याला धरलं तो एकटा नव्हता.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तिची सासू दगडी खलात हिरवा लगदा घेऊन आली. बहीण सवयीनं मान पुढं करून बसली. सासूनं बोटभर लगदा उचलून तिच्या मानेवर थापायला सुरुवात केली.

"मावशी, हे काय?"

"दगडी पाला. मलमानं नुसतं वरनं निवतंय. ह्यानं मुळापास्नं जातं. रोज सांजच्याला लावती मी. ईसरत न्हाय."

विसरत नव्हत्या, हे खरंच होतं. सुनेची एवढी सेवा करणारी सासू मी दुसरी पाहिलेली नाही. शेतात खरचटलं, विळा लागला की दगडी पाला चोळायचा, हे आमच्याकडे दूध तापवण्याइतकं ठरलेलं. माझ्या स्वतःच्या गुडघ्यावर लहानपणी कितीदा तरी तो चोळला गेला आहे. पण पानं वाटलेली असली की झाड दिसत नाही. म्हणून मी विचारलं, "कुठून आणला?"

त्यांनी ओट्याच्या पायरीकडं बोट दाखवलं. फरशीच्या फटीतून सरपटत आलेली वेल, आणि तिच्यावर एका लांब काडीच्या टोकाला एकच लहान फूल. मध्ये पिवळं, कडेला पांढरट.

"मावशी, थांबा," मी म्हणाले. माझा आवाज वर्गातला निघाला असावा, कारण सासूचा हात तिथंच थांबला आणि दाजीही गोठ्यातून बाहेर आले.

माझ्या पर्समध्ये भिंग असतं. इतर बायकांच्या पर्समध्ये आरसा असतो तसं. मी ते फूल तोडलं, नखानं उभं चिरलं आणि भिंगाखाली धरलं. खरं तर भिंगाची गरज नव्हती. बघायचं काय ते मला माहीत होतं, फक्त ते तसं नसावं अशी इच्छा होती.

वनस्पतींची कुळं शिकवताना विद्यार्थी सर्वांत जास्त फसतात ते सूर्यफुलाच्या कुळात. कारण त्यात आपण ज्याला फूल म्हणतो ते फूलच नसतं. एका बैठकीवर दाटीवाटीनं बसलेली पुष्कळ बारीक फुलं असतात आणि सगळ्यांना खालून मिळून एकच हिरवी झालर असते. मधली फुलं नळीसारखी. कडेची एका बाजूला पट्टीसारखी लांबलेली, त्यांना आपण पाकळ्या समजतो. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी बारीक दाणा असतो, तो त्या फुलाचा स्वतःचा संसार. पानं एकमेकांशी जुळत नाहीत, उंची जुळत नाही, वास जुळत नाही. फूल फोडलं की मात्र सगळं उघड होतं.

"हे आणि गाजरगवत एकाच कुळातलं आहे," मी म्हणाले.

सासूनं खलाकडं पाहिलं. "कूळ सोयरीक करताना बघत्यात. झाडाला कसलं आलंय कूळ? ह्याचं पान बगा, त्याचं बगा. नाक-डोळं तरी जुळत्यात का?"

"नाक-डोळे नाही जुळत. फूल जुळतं."

"म्हंजी मी रोज सांजच्याला माझ्या सुनंच्या मानंला इख लावत हुते?"

लगदा त्यांच्या बोटांवरच होता. तो पुसावा की धुवावा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"विष नाही मावशी. तुम्हांला, मला काही होणार नाही. हिच्या अंगानं एकाशी वैर धरलंय. त्याच्या भावकीतलं कुणीही जवळ आलं की अंग उठून उभं राहतं, असं होऊ शकतं. होतंच असं मी म्हणत नाही. फूल बघून मी नातं सांगू शकते, गुन्हा नाही सांगू शकत."

"भावकी म्हणल्यावर गुन्हा असतोयच," दाजी म्हणाले. त्यांचा चुलत्यांशी बांधाचा दावा चालू आहे.

बहीण मात्र हसली नाही. ती इतका वेळ मान पुढं करून तशीच बसली होती. मानेवरचा लगदा वाळायला लागला होता. ती उठली, ओट्यावरून उतरली आणि मला काही कळायच्या आत घरामागच्या वाफ्यातून एक लवकर उमललेलं फूल तोडून घेऊन आली.

"अक्का, शेवंती फोड."

घरचा ऊस दाजींचा. शेवंती तिची. लग्नानंतर काही वर्षांनी तिनं घरामागं चार ओळी लावल्या तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्या कौतुकानं हसण्यावारी नेल्या होत्या. आता विहिरीपर्यंत शेवंतीच होती आणि तिच्या हाताखाली बायका तोडणीला येत होत्या. फुलांच्या गाडीला उशीर झाला तर ड्रायव्हर दाजींना नाही, तिला फोन करत असे. आणि त्या दिवसांत सगळा प्लॉट नुकता कळीवर आला होता.

मी फूल हातात घेतलं. हिरवी झालर. मी एक पाकळी उपटली. बुडाशी दाणा. दुसरी उपटली. दाणा. शेवंतीत कडेच्या पट्ट्या इतक्या माजलेल्या असतात की मधल्या नळ्या शोधाव्या लागतात. मी शोधल्या. चौघं जण माझ्या तळहाताकडं बघत होतो.

"झेंडू?" दाजींनी विचारलं.

"तोही."

"करडई?"

"तीही."

"सूर्यफूल तर झालंच. मग आता ऱ्हायलं काय?"

"ऊस. तो गवताच्या कुळातला."

दाजींच्या चेहऱ्यावर एक क्षण समाधान दिसलं, जणू हे आधीच ओळखून त्यांनी ऊस लावला होता. मग त्यांनी बायकोकडं बघितलं आणि ते गेलं.

मी तिला म्हणाले, उद्याच बारामतीला चल. तिथं त्वचेच्या एक डॉक्टर आहेत, संशयित झाडांचे थोडे थोडे अंश पाठीवर चिकटवून कोण खरं त्रास देतं ते बघतात. सगळी भावकी दोषी नसते. शेवंती सुटेलही.

"परवा निमगावला सत्कार हाय," ती म्हणाली. "तेवढा हुंदे."

निमगाव केतकीत फूल उत्पादकांचा मेळावा होता आणि त्यात तिचा सत्कार. गावातल्या बाईला फुलांसाठी बोलावलंय, पहिल्यांदाच, आणि तिनं जायचं नाही हे माझ्यानंही म्हणवेना. मी एवढंच म्हणाले, "हार कसला असेल माहितीये ना?"

"शेवंतीवाल्या बाईला शेवंतीचाच घालणार. उसाचा घालत्यात व्हय?"

मी संयोजकांना फोन केला. माणूस अतिशय नम्र होता आणि मी काय बोलते त्यातलं काहीही ऐकत नव्हता. "मॅडम, काळजीच करू नका. आपल्या मातीतली शेवंती. खास. एवढा मोठा हार." मी चार वेळा सांगितल्यावर ते थोडे दुखावून निशिगंधाच्या हाराला तयार झाले. निशिगंधाचं फूल खरंखुरं एक फूल असतं. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, खाली एक नळी, संपलं. त्याचा ह्या भावकीशी काही संबंध नाही.

मी रजा टाकून तिथंच राहिले. सोमवारी दगडी पाला लावला नाही आणि मंगळवारी सकाळपर्यंत सूज इतकी उतरली की डावा डोळा अर्धा उघडला. सासूबाईंनी ते पाहिलं. खल त्यांनी मोरीत पालथा घालून ठेवला होता.

मेळाव्याच्या मांडवात मी आधी गेले ते हार बघायला. संयोजकांनी ताटावरचं फडकं बाजूला केलं. निशिगंध पांढराशुभ्र होता, मध्ये गुलाब. मी भिंग काढलं तेव्हा त्यांना वाटलं असावं की मी किडे बघते आहे. हाराच्या खालच्या टोकाला मोठा गोंडा होता आणि तो पिवळ्या शेवंतीचा होता.

"शोभेला," ते म्हणाले.

मी त्यांच्याच टेबलावरची कात्री घेऊन गोंडा कापला. गोंड्याविना हार दुखवट्यासारखा दिसत होता, पण चालणार होता. व्यासपीठावरची सजावट झेंडूची होती. बहिणीला कडेची खुर्ची मिळाली. ठीक. पदर मानेभोवती. ठीक. मी दुसऱ्या रांगेत सासूशेजारी बसले आणि मला वाटलं, आपण सगळं बघितलं आहे.

प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यामुळे ते प्रमुख आहेत हे सिद्ध झालं. त्यांच्या गळ्यात गुडघ्यापर्यंतचा शेवंतीचा हार पडला. तो बहुधा मी नाकारलेलाच असावा. मग सत्कार सुरू झाले. बहिणीचं नाव पुकारलं. निशिगंधाचा हार घातला गेला, फोटो झाला, मी श्वास सोडला.

तेवढ्यात पाहुण्यांना स्फुरण चढलं. त्यांनी माईक जवळ ओढला. "आज खरा मान माझा नाही!" ते म्हणाले. "ह्या माउलीचा आहे!" आणि त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार दोन्ही हातांनी काढला आणि माझ्या बहिणीच्या गळ्यात घातला. मांडव टाळ्यांनी दणाणला. तो हार इतका जाड होता की तिची हनुवटी त्यात बुडाली.

आपल्याला घातलेला हार लगेच काढून टेबलावर ठेवायची रीत आहे. ते नम्रतेत बसतं. पण पाहुण्यानं स्वतःच्या गळ्यातला काढून घातलेला हार कधी काढावा, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. शिवाय पाहुण्यांनी एक हात तिच्या खांद्यावर ठेवून भाषणाला सुरुवात केली होती. मातीवर, मातेवर, मग पुन्हा मातीवर. बहीण हार दोन्ही हातांनी अंगापासून दूर धरायचा प्रयत्न करत होती आणि लोकांना ते नमस्कार केल्यासारखं दिसत होतं. तिची मान लाल होताना मला दुसऱ्या रांगेतून दिसली.

मी पायऱ्यांकडं धावले. संयोजक आडवे आले. "मॅडम, फोटो नंतर. साहेबांचं चाललंय."

"तो हार काढायचाय."

"मघाशी गोंडा कापला, आता हार काढा म्हणता! तुमचं काय वैर हाय का फुलाशी?"

आम्ही असे उभे असताना एक नऊवारी आमच्या बाजूनं वर गेली. सासूबाई आयुष्यात प्रथमच व्यासपीठावर चढत असाव्यात, कारण त्यांनी चपला पायरीखाली काढून ठेवल्या होत्या. त्या सरळ सुनेपुढं गेल्या, हार तिच्या डोक्यावरून वर उचलला, आणि टेबलावर ठेवण्याऐवजी पाहुण्यांच्या गळ्यात परत घातला.

"सायब, तुमचा मान तुमालाच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. माईक जवळच होता. "माझ्या सुनंला सोसत न्हाय."

पाहुणे क्षणभर तोंड उघडं ठेवून उभे राहिले आणि मग अनुभवी माणसासारखे हसले. ते हसले म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत सासू सुनेचा दंड धरून मागच्या बाजूनं खाली उतरल्या. एका हातात सून, दुसऱ्या हातात चपला.

तिथूनच तिला गाडीत घालून आम्ही बारामतीला निघालो. मध्ये एकदा बहिणीनं विचारलं, "आलं का गं?" बाहेर शहराच्या पाट्या दिसत होत्या. तिला दिसत नव्हत्या. दोन्ही डोळे मिटले होते. सासू तिच्या चेहऱ्याला ओला रुमाल लावत होत्या आणि लावण्याआधी दर वेळी माझ्याकडं बघत होत्या, हे चालेल का म्हणून.

इंजेक्शन, गोळ्या, माझ्या घरातली मागची खोली. सूज उतरायला वेळ लागला आणि तपासणी त्यानंतरच करता येते, म्हणून आणखी वाट पाहिली. तिच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या. गाजरगवताची जागा फुगून लाल. शेवंतीची तेवढीच लाल. दगडी पाल्याची फिकट गुलाबी. झेंडूची जागा कोरी, जणू त्याला ह्या घराण्यातलं काही माहीतच नाही.

"झेंडू सुटला," मी म्हणाले.

"मला झेंडू आवडत न्हाय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा रडली.

दाजींनी सुचवलं होतं, कळ्या फुलल्या की बायका तोडतील, तू बारामतीतच राहा, मग बघू. तिनं डॉक्टरांना विचारलं, वाऱ्यानं येतं का. येतं, डॉक्टर म्हणाल्या. फुलल्यावर जास्त. वस्तीपासून वाफे किती लांब? मागच्या दारापासून लागतातच, ती म्हणाली. मग तिनं संध्याकाळी दाजींना फोन केला आणि म्हणाली, "उभ्या शेवंतीत रोटाव्हेटर घाला. फुलायच्या आदी."

घातला तेव्हा ती तिथं जाऊ शकत नव्हती. धुरळा, चुरडलेला पाला, ते सगळं हवेत उडणार. दाजींनी ट्रॅक्टरवरून व्हिडिओ कॉल लावला. सासू बांधावर उभ्या होत्या. फोनमध्ये आवाजच जास्त होता, चित्र हलत होतं. ती माझ्या स्वयंपाकघरात, फोन अगदी नाकाशी धरून बघत होती.

"विहिरीकडची वळ ऱ्हायली," ती ओरडली.

"ती पांढरी हाय ना, म्हणलं ऱ्हाऊ दे," दाजींचा आवाज आला.

"पांढरीबी तीच. घाला."

शेवटची ओळ जाईपर्यंत तिनं फोन खाली ठेवला नाही.

वाफे नांगरून, भिजवून, पाला कुजायला ठेवून काही दिवस गेले आणि मग ती घरी गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जाऊन बघा. राहता आलं तर ठीक. 'नाही आलं तर'चं वाक्य त्यांनीही पुरं केलं नाही. मी तिला सोडून परत आले. संध्याकाळी वारा सुटला. बारामतीत सुटला म्हणजे तिकडंही सुटला असणार. मी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. मग दाजींना केला, तो लागेना. तिसऱ्या वेळी तिच्या फोनवर सासू आल्या.

"मावशी, ती कुठंय?"

"मागल्या दारात बसलीया."

"डोळे कसेत?"

"थांबा. बगून सांगते."

फोन हातात घेऊन त्या चालत गेल्याचा आवाज आला. मग काही ऐकू येईना. मी ओट्यावरचा गॅस बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं.

"उघडं हायत," सासू म्हणाल्या. "दोन्ही."

मागून तिचा आवाज आला, "अक्काला म्हणावं, वारं आत्ता कुठं सुटलंय. सकाळी पुन्हा इचार."